कुणाच्या हातची पत्रिका

लिनोवर कोरलेली अक्षरं मला सरळ वाचता येत होती आणि त्याचा मला आनंद होत होता. रात्रीचे साडेबारा झाले होते, बोटं आखडली होती, पण माझं नाव, त्याचं नाव, तारीख, सगळं स्पष्ट दिसत होतं. तिथेच शंका यायला हवी होती. ठोकळ्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटतात. म्हणून मी कॉम्प्युटरवर मजकूर आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. तो ट्रेसिंग पेपरवर गिरवला. मग पेन्सिलीच्या रेघा लिनोवर उतरवायला ट्रेसिंग पेपर पालथा घातला. पालथा घातला की मजकूर पुन्हा उलटतो. दोन वेळा उलटलेली गोष्ट सुलटी होते, हे समजण्यासाठी मला दरमहा पगार मिळतो.

सकाळी पहिला कागद उचलला तर आमचं लग्न उजवीकडून डावीकडे लिहिलं होतं. गंमत म्हणजे शिरोरेषेला काही फरक पडत नाही, त्यामुळे लांबून ती अगदी नीट देवनागरी वाटत होती. जवळ गेल्यावर कळायचं की वेलांट्या भलत्याच बाजूला आहेत. ठोकळा वाया गेलाच होता, म्हणून शाई लावायचा सराव त्यावरच केला. बारा उलट्या पत्रिका निघाल्या. त्या दाराजवळच्या रद्दीच्या पिशवीत गेल्या. त्यातल्या एकीकडे पुन्हा यायचं आहे.

स्वतःची लग्नपत्रिका स्वतः करायची हे आम्ही का ठरवलं, याचं प्रामाणिक उत्तर आता देता येत नाही. तेव्हा दिलेलं उत्तर असं होतं: बाकी सगळं विकत आहे. कार्यालय, केटरर, फोटोग्राफर, मेंदीवाली, सगळे पॅकेजमध्ये. निदान बोलावणं तरी आपल्या हातचं असावं. मी हिशेब मांडला. तीनशे पत्रिका, एकीला आठ मिनिटं, म्हणजे चाळीस तास. दोघांत वाटले तर वीस-वीस. चार शनिवार-रविवार. ज्यांनी कधी सॉफ्टवेअरच्या कामाचा अंदाज दिला आहे त्यांना या हिशेबाचं पुढे काय झालं हे सांगायला नको.

आम्हाला कागदाचंही काही येत नव्हतं. मशीनवर तयार झालेल्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेने घडी घातली की ती सुरीसारखी पडते, आडवी घातली की तडकते. कागद हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून पाहायचा, जिकडून कमी विरोध होतो ती त्याची दिशा. हे कळेपर्यंत अडीचशे जीएसएमचे वीस कागद तडकून झाले होते. मग शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलो. १९४० पासून तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात. त्या कागदात तंतू कसेही पसरलेले असतात, त्यामुळे दिशेचा प्रश्न उरत नाही, पण पृष्ठभाग खडबडीत, शाई टेकड्यांवर लागते आणि दऱ्या पांढऱ्या राहतात. कागद किंचित ओलसर करून घेतला की तो ठोकळ्याला नीट बिलगतो. किती किंचित, ते कुठे लिहिलेलं नसतं. लिनो थंडीत कडक होतो. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचा तो बनलेला असतो, थोडा वेळ उन्हात ठेवला की कोरणी लोण्यातून गेल्यासारखी जाते. कोरणी नेहमी स्वतःपासून दूर ढकलायची आणि दुसरा हात तिच्या मागे ठेवायचा. हा नियम मी एकदाच मोडला. डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

कोरण्याचा एक परिणाम मी धरलाच नव्हता. एक जोडाक्षर कोरायला मला दहा-बारा मिनिटं लागत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढंच म्हणायला दीड तास. टाइप करताना शब्द फुकट असतात. ते महाग झाले की प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावं लागतं. मग मी ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ यांच्याकडे बघत बसले. चि. म्हणजे चिरंजीव, तो खूप जगो. सौ. कां. म्हणजे सौभाग्याची इच्छा असलेली, म्हणजे तिचा नवरा खूप जगो. काही घरांत वधूलाही आधी चि. लावतात हे खरं, पण हिशेब केला तर दोन्ही उपाध्यांचा मुख्य लाभार्थी एकच माणूस. तो माणूस माझ्यासमोर बसून रोलर धूत होता. तो खूप जगावा अशी माझीही इच्छा आहे, पण ती माझी ओळख म्हणून छापावी असं मला वाटेना. आम्ही नुसती नावं ठेवली.

बाबांना मसुदा पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, “उपाधीशिवाय नावं म्हणजे हजेरीपट वाटतोय.” मी माझा मुद्दा सांगितला, की जे मला मनापासून म्हणायचं नाही ते मी का कोरू. त्यावर ते थोडा वेळ गप्प होते आणि मग जे म्हणाले ते मला आजवर नीटसं खोडता आलेलं नाही. “पत्रिकेतले शब्द कुणीच मनापासून लिहीत नाही गं. म्हणून तर ते सगळ्यांना चालतात. तुझ्या लग्नाला येणाऱ्याला तुझी मतं कळायची काय गरज आहे?”

मी याला आधी बुरसटलेपणा म्हटलं. नंतर वाटलं, मीही तर रोज हेच करते. कोणत्याही प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दहा-वीस ठरलेल्या ओळी असतात. त्या कुणाच्याच नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याचं लक्ष त्यांच्यावर अडत नाही, ते थेट कामाच्या जागी जातं. पत्रिकेत कामाची जागा म्हणजे तारीख, वेळ, कार्यालय, आणि नावं. नावं तर सगळ्यात जास्त. छापील पत्रिका हातात पडल्यावर माणूस आधी काय करतो? आपलं नाव शोधतो. आमच्या घरच्या नेहमीच्या पत्रिकेत कै. आजोबा-आजींपासून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या किलबिलीपर्यंत तेवीस नावं असतात. माझ्या लिनोवर दोन होती. प्रत्येक शब्द खरा असावा या आग्रहातून मी एकवीस माणसं कापली होती आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होते.

शेवटी बाबांनी सांगलीला त्यांच्या पद्धतीने चारशे पत्रिका छापायला टाकायचं ठरवलं. तोवर आमच्याकडे तयार होत्या चौऱ्याहत्तर. दोन महिन्यांत, घरात वाळत घातलेल्या कागदांखालून वाकून चालत, एकमेकांवर दोनदा ओरडून, चौऱ्याहत्तर. लग्नाला पाच आठवडे राहिले होते आणि आणखी होणार नव्हत्या.

आणि आता यादी करायची होती.

इथपर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता. यादीने त्याचा नैतिक प्रश्न केला. छापील पत्रिकेची एक गोष्ट मला तोवर दिसली नव्हती: पहिली प्रत महाग असते, त्यापुढची प्रत्येक जवळजवळ फुकट. म्हणून ती सगळ्यांना सारखी जाते. कलेक्टर असो नाहीतर कोपऱ्यावरचा वाणी, पत्रिका तीच. हाताची वस्तू मोजकी असते, आणि मोजकी वस्तू वाटायची म्हणजे माणसांना क्रम लावायचा. आम्ही शीटमध्ये एक कॉलम केला. ह म्हणजे हाताची, छ म्हणजे छापील, व्हॉ म्हणजे व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. आपल्या माणसांच्या नावापुढे एकेक अक्षर टाकत जाणं हा फार विचित्र अनुभव आहे. शाळेतल्या मैत्रिणीला ह. कॉलेजातल्या, जिच्याशी तीन वर्षं बोलणं नाही तिला व्हॉ. मग वाटलं, बोलणं नाही म्हणूनच तिला ह द्यावी का?

आईने ती शीट पाहिली आणि एका दुपारी निम्मी बदलून टाकली. तिचा निकष आमच्या बरोबर उलटा होता. “आत्याला हाताची नको. ती म्हणेल कार्डाला पैसे नव्हते का. तिला छापील, सोनेरी गणपतीवाली. ज्यांना वाईट वाटणार नाही त्यांना तुमची द्या.” म्हणजे आमच्या चाळीस-पन्नास तासांची किंमत आईच्या मते ज्यांचं आपल्यावर आधीच पुरेसं प्रेम आहे तेच चालवून घेतील, अशी. आम्हाला राग आला. पण आम्ही ज्यांच्यापुढे ह टाकला होता ती नावं पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की ती आमची सर्वांत जवळची माणसं नव्हतीच. ती कौतुक करणारी माणसं होती. फोटो काढून स्टोरीला टाकतील, ‘तुम्ही स्वतः केलंत?’ म्हणतील, अशी.

२०१२ साली नॉर्टन, मोशोन आणि एरिअली या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ‘आयकिया इफेक्ट’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात त्यांनी नवशिक्या लोकांकडून कागदाचे बगळे आणि बेडूक करून घेतले आणि मग त्याची किती किंमत द्याल असं विचारलं. करणाऱ्यांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या बेडकाची किंमत जवळपास तज्ज्ञांनी केलेल्या बेडकाइतकी लावली. इतरांना तो चुरगळलेला कागद दिसत होता. आत्या अभ्यासातली ‘इतर’ होती, एवढंच. आपली मेहनत वस्तूत मुरते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती आपल्याच आठवणीत राहते. वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली की तिथे तिच्याबरोबर आपले दोन महिने जात नाहीत.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं होतं की भेट कधी मोकळी नसते. ती देण्याचं, घेण्याचं आणि परत करण्याचं, अशी तिन्ही बंधनं तिला चिकटलेली असतात. आमच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं होतं. एवढे आठ-नऊ शब्द वगळले पण हे आवर्जून कोरलं होतं, का तर आम्हाला देवाणघेवाण नको. आणि त्याच कागदावर, न कोरता, आम्ही आहेर मागत होतो. पत्रिका उघडल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते.

दरम्यान छापील पत्रिकेचं प्रूफ तपासायला मला सांगलीला जावं लागलं. मजकूर मी युनिकोडमध्ये पाठवला होता, छापखान्यात तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरं फुटली होती. समोर बसून दुरुस्त करणं सोपं. मालक म्हणाले मागे या, तिथे काम चालू आहे. मागच्या खोलीत एक पन्नाशीचा माणूस स्क्रीनवर सोनेरी शाई ओढत होता. एक कार्ड खाली सरकवायचं, चौकट टेकवायची, रबरी पट्टी एकदा आपल्याकडे ओढायची, चौकट उचलायची, कार्ड रॅकवर. पुन्हा. एकेक कार्ड. हाताने. शेजारी एक बाई गणपतीचे उठावाचे चकचकीत तुकडे कार्डांवर चिकटवत होत्या, तेही हाताने. पट्टी ओढताना त्या माणसाचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा होता. तो दाब साधण्यासाठी मी दोन महिने धडपडले होते आणि चौऱ्याहत्तरपैकी फार तर दहात साधला होता. मी विचारलं, किती वर्षं करताय. “मोजली नाहीत,” ते म्हणाले, आणि मान वर न करता पुढचं कार्ड घेतलं.

म्हणजे ज्याला आम्ही शीटमध्ये ‘छ’ म्हणत होतो तेही ‘ह’ च होतं. फक्त हात आमचे नव्हते.

रस्किनने १८५३ च्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडात गॉथिक इमारतींच्या ओबडधोबड कोरीव कामाची बाजू घेतली. कारागिराकडून निर्दोष काम मागितलंत तर तुम्ही त्याचं हत्यार करून टाकता, चुका दिसतात तिथे माणूस मोकळा असतो, असा त्याचा साधारण युक्तिवाद. हस्तकलेवर प्रेम करणारे सगळे आजही याच फांदीवर बसलेले असतात आणि दोन महिने मीही होते. ‘चुका आहेत, पण त्यातच तर मजा आहे.’ मात्र छापखान्याच्या त्या खोलीत मला हा युक्तिवाद घशाखाली उतरेना. माझ्या चुका मोकळेपणाच्या नव्हत्या, न येण्याच्या होत्या. आणि न येता करत राहणं मला परवडत होतं, कारण माझं पोट त्यावर नव्हतं. त्या माणसाने दहा कार्डांत एक वेडंवाकडं काढलं तर ते बाबांनी परत केलं असतं. खरं तर मीच केलं असतं. प्रूफ तपासायला मीच गेले होते. रस्किनचा तो भाग विल्यम मॉरिसने १८९२ मध्ये आपल्या केल्मस्कॉट मुद्रणालयात देखण्या पुस्तकाच्या रूपात छापला. ती पुस्तकं हाताची, म्हणून महाग, म्हणून श्रीमंतांच्या कपाटात जाणारी. श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या वस्तू बहुधा श्रम न करणाऱ्यांच्या घरी पोचतात, ही अडचण तेव्हाही सुटली नव्हती.

याचा अर्थ मला स्वतः पत्रिका केल्याचा पश्चात्ताप होतो, असं नाही. कागद ओलसर करून ठोकळ्यावर ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचा, आणि एक कोपरा उचलून बघायचं, त्या क्षणाला मी काही देऊन टाकायला तयार आहे. पण तो क्षण माझा होता. तो पाकिटात घालून दुसऱ्याला देता येईल, आणि त्याने तो माझं प्रेम म्हणून मोजून घ्यावा, असं समजण्यात घोटाळा होता.

आता ती रद्दीतली पत्रिका.

मी राहते त्या फ्लॅटवर स्वयंपाकाला एक मावशी येतात. दोन महिने आमचा सगळा पसारा त्यांच्यासमोर चालला होता. ओट्यावरची शाई खोबरेल तेलाने निघते हे त्यांनीच दाखवलं. पाकिटं चिकटवायचा डिंक कागदाला सुरकुत्या पाडत होता, तेव्हा मैद्याची खळ करून दिली, वर त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं असतं, किडे लागत नाहीत, पण ते विषारी असतं म्हणून स्वयंपाकघरात नको, असंही सांगितलं. रद्दी बांधताना त्यांनी विचारलं होतं, “ताई, यातली एक घेऊ का?” मी लॅपटॉपमधून मान वर न काढता “घ्या की सगळ्या” म्हणाले होते. मला वाटलं, डब्यात घालायला कागद हवा असेल.

पत्रिका वाटून संपत आल्यावर एका रात्री शीटवरून नजर फिरवताना लक्षात आलं की मावशी यादीतच नाहीत. ह नाही, छ नाही, व्हॉ सुद्धा नाही. कारण सरळ होतं: लग्न सांगलीत, मंगळवारी, त्या येणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांना तोंडी सांगायचं होतं. पण न येणारे निदान तीस लोक यादीत होते. एक तर कॅनडात होता, त्याला ह गेली होती, आठशे रुपये कुरिअरचे भरून.

आम्ही पंचाहत्तरावी केली. ठोकळा पुन्हा काढला, उन्हात ठेवला, तीन कागद वाया घालवून चौथा बरा निघाला. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून मावशींसमोर उभे राहिलो आणि मी म्हणाले, “मावशी, लग्नाला यायचं.” त्यांनी हात पदराला पुसले, पत्रिका घेतली, उघडली, बघितली.

“आहे की माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच दिलेली ना. पोरीनं आरशासमोर लावलीय. तिथं सरळ दिसती.”

मी म्हणाले, ती चुकलेली होती, ही नीट आहे. त्या हसल्या. ते हसणं कसलं होतं हे मी त्यानंतर बऱ्याचदा ठरवायचा प्रयत्न केला आहे. मनापासून होतं, की सावरून घेणारं, की माझं मला परत करणारं. त्यांनी पत्रिका पुन्हा पाकिटात घातली आणि फ्रिजवर ठेवली.

“ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. कमी पडत्यात म्हणून भांडत होता ना त्या दिवशी.” मग कणकेचा डबा उघडता उघडता म्हणाल्या, “यायला काय जमायचं नाय ताई. तुम्ही गावाला जाल त्या दिवसांचं पैसे तेवढं कापू नका.”